मुक्तीचे कथानक : रशियाचा इतिहास मराठवाड्यातून वाचताना

१

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांत एम. ए. मराठीच्या वर्गात रशियन रूपवादाचा घटक सुरू झाला की 'फाबुला' आणि 'स्युझेट' ही जोडी फळ्यावर येते. घटना ज्या क्रमाने घडल्या तो मूळ ऐवज म्हणजे फाबुला. त्या ज्या क्रमाने, जे गाळून आणि जे लांबवून सांगितल्या जातात ती रचना म्हणजे स्युझेट. उदाहरणादाखल एखादी रहस्यकथा किंवा लोककथा घेतली जाते, विद्यार्थी मुद्दे उतरवून घेतात आणि घटक संपतो. लातूरने बारावीच्या गुणवत्तेचा जो 'पॅटर्न' महाराष्ट्राला दिला, त्याची मुद्देसूद सावली पदव्युत्तर वर्गांवरही पडलेली आहे. मुद्दे चुकीचे नसतात. पण त्यांना तारखा नसतात.

वास्तविक या संकल्पना जिथे घडल्या त्या पेत्रोग्राद आणि मॉस्कोत त्याच काळात झार पदच्युत होत होता, हंगामी सरकार येऊन जात होते, यादवी युद्ध आणि उपासमार चालू होती. व्हिक्टर श्क्लोव्हस्की हा हंगामी सरकारचा सैन्यातील कमिसार होता. बोल्शेविकांविरुद्धच्या कटात त्याचा हात होता. १९२२मध्ये तो पळाला, १९२३मध्ये परतला, आणि १९३०मध्ये रूपवाद ही आपली 'शास्त्रीय चूक' असल्याचे त्याने जाहीरपणे लिहून दिले. कथनात काय गाळले जाते याचा सिद्धान्त मांडणाऱ्याला स्वतःच्याच सिद्धान्ताला गाळावे लागले. हे माहीत नसताना स्युझेटची व्याख्या पाठ करता येते. मात्र ही संकल्पना निरुपद्रवी नाही, हे त्यातून कळत नाही.

प्रस्तुत लेखात ही जोडी रशियाच्याच राजकीय इतिहासाला लावून पाहायची आहे, आणि तेथून मराठवाड्याकडे वळायचे आहे. या प्रदेशाने राजेशाहीचा अंत, कम्युनिस्टांचे सशस्त्र बंड आणि त्यानंतरची लोकशाही ही तिन्ही स्थित्यंतरे एकाच पिढीत पाहिली. रशियाची गोष्ट आपण ज्या साच्यात ऐकली त्याच साच्यात स्वतःची गोष्ट बसवली, आणि रशियात तो साचा मोडल्यावरही आपला मात्र तपासून पाहिला नाही, असे आमचे म्हणणे आहे.

२

मराठी वाचकाकडे रशिया आला तो प्रामुख्याने पुस्तकांतून. लालजी पेंडसे यांचे 'साहित्य आणि समाजजीवन' १९३५चे. म्हणजे सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनाने १९३४मध्ये समाजवादी वास्तववाद अधिकृत केल्यानंतर वर्षभरातच मराठीत मार्क्सवादी समीक्षेची मांडणी उभी राहिली. पुढे मॉस्कोत छापलेली स्वस्त पुस्तके आली, गॉर्कीची 'आई' घरोघर गेली, आणि 'सोव्हिएत लँड'च्या चकचकीत पानांची कव्हरे पाठ्यपुस्तकांना घालणारी एक पिढी मराठवाड्यातही होऊन गेली. या साऱ्यातून जे कथानक हाती लागले ते सरळ होते : झारचा अंधार, लेनिनची क्रांती, मग उजेड. खलनायक एक, नायक एक, आणि मधोमध एक पहाट.

या कथानकातून काय गळले? पहिली गळती फेब्रुवारीची. झार निकोलस दुसरा याने १९१७च्या मार्चमध्ये (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ते फेब्रुवारीचेच उठाव) सिंहासन सोडले तेव्हा लेनिन झुरिकमध्ये होता. पेत्रोग्रादच्या रस्त्यांवर भाकरीसाठी निघालेल्या स्त्रिया, संपावरचे कामगार आणि गोळीबार नाकारणारे सैनिक यांनी राजेशाही संपवली. बोल्शेविकांनी ऑक्टोबरात उलथवले ते झारला नव्हे, हंगामी सरकारला. मराठीत मात्र आजही 'लेनिनने झारशाही उलथवली' असे सर्रास लिहिले जाते. कारण कथानकाला दोन अंत आणि एक मधला, अनिश्चित, आठ महिन्यांचा काळ परवडत नाही. दुसरी गळती संविधानसभेची. १९१७च्या अखेरीस झालेल्या तिच्या निवडणुकीत बोल्शेविकांना सुमारे पाव मते पडली. शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर समाजवादी क्रांतिकारक पक्ष पुढे होता. ही सभा १९१८च्या जानेवारीत एकदाच भरली आणि बरखास्त झाली. तिसरी गळती १९२१च्या क्रोनश्टाटची : क्रांतीचे भूषण म्हणवलेल्या नौसैनिकांनीच स्वतंत्र सोव्हिएतांची मागणी केली आणि ती तोफांनी मोडली गेली. जाता जाता एक नोंद. 'सोव्हिएत' म्हणजे परिषद, पंचायत. मराठीने तो शब्द कधी भाषांतरित केला नाही. त्यामुळे पंचायतीच्याच नावाने चाललेल्या राज्यात पंचायत उरली होती का, हा प्रश्न मराठीत सहजी विचारलाच गेला नाही.

सर्वांत मोठी गळती सातत्याची आहे. १८६१मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासांना मुक्त केले. १९२९पासून सामूहिक शेती लादली गेली. १९३२–३३मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. १९३२च्या अखेरीस अंतर्गत पासपोर्ट आले आणि सामूहिक शेतीवरील शेतकऱ्यांना ते सामान्यतः दिले गेले नाहीत. १९७४पर्यंत बहुतेकांना परवानगीवाचून गाव सोडता येत नव्हते. पक्षाच्या रशियन आद्याक्षरांचा अर्थ शेतकरी आपापसांत 'दुसरी भूदासगिरी' असा लावत. हा निव्वळ विनोद नव्हे. ते एक पर्यायी कालविभाजन आहे. ग्रंथांतील इतिहास १९१७ला दुभंगतो, शेतकऱ्यांचा इतिहास १८६१ आणि १९२९ला. कोठे दुभंगायचे हे कोण सांगतो त्यावर अवलंबून असते, आणि नेमका हाच स्युझेटचा प्रश्न आहे.

३

आता मराठवाड्याकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या मराठीत निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत, आणि 'ही काय मोगलाई लागून गेली?' हा अंदाधुंदीला उद्देशून केलेला प्रश्न मराठी बोलीत रुळला. ज्यांचे घरच मोगलाईत होते त्यांच्या वाट्याला स्वतःचा प्रदेश हा दुसऱ्यांचा वाक्प्रचार म्हणून आला. अशा माणसांना 'झारशाही' हा शब्द जवळचा वाटला यात नवल नाही. एक जुलमी राजा, त्याखाली जागीरदार-देशमुखांची उतरंड, वेठबिगार, आणि सभेसाठी सरकारी परवानगी सक्तीची करणारी कुप्रसिद्ध 'गश्ती निशान ५३' : साम्ये उघड होती. भाषेच्या बाबतीत तर ती अधिकच बोलकी आहेत. झारने १८७६च्या फर्मानाने युक्रेनियन भाषेतील छपाईवर बंदी आणली. हैदराबादेत प्रजेची बहुसंख्या तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत असता १९१८च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे झाले. (उर्दूतून आधुनिक ज्ञान देण्याचा तो प्रयोग स्वतंत्रपणे मोलाचा होता, हेही याच ठिकाणी नोंदवले पाहिजे. मुक्तीच्या कथानकात अशा नोंदींना जागा मिळत नाही.)

पण रूपक जिथे लंगडते तिथे अधिक शिकवते. झार कोणाचा मांडलिक नव्हता. निजाम इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली होता. झार व त्याचे कुटुंब १९१८च्या जुलैत येकातेरिनबुर्गला गोळ्या घालून मारले गेले. मीर उस्मान अली खान १७ सप्टेंबर १९४८ नंतर गादीवरच राहिले, १९५०पासून १९५६पर्यंत भारतीय संविधानाखाली हैदराबादचे राजप्रमुख होते, आणि १९६७मध्ये वृद्धापकाळाने वारले. शरणागतीनंतर सव्वा वर्षाने राजा प्रजासत्ताकाचा पदाधिकारी झाला, ही घटना आपल्या संग्रामकथांत एक-दोन वाक्यांत उरकली जाते. क्रांतिकथेच्या साच्यात तिला खुंटीच नाही. त्या साच्यात पदच्युत राजा एक तर मरतो किंवा पळतो. त्याच्या हस्ते शपथविधी होत नाहीत.

खलनायकाची जागा अशी मोकळी राहिल्यावर ती दुसऱ्याने भरून काढावी लागते, आणि ती कासीम रझवीने भरली. रझवी हा लातूरचा वकील. जुलूम राजाकडून सरकून एका संघटनेवर आणि तेथून, नाव न घेता, एका समाजावर येऊन थांबला. रझाकारांचे अत्याचार खरे होते, बीदर जिल्ह्यातील गोरट्यासारखी गावे त्यांची साक्ष आहेत, आणि ते सौम्य करून सांगण्याचे काहीही कारण नाही. आमचा प्रश्न कथनाचा आहे : जागीरदारीची व्यवस्था हा ज्या कथेचा विषय होता, तिचा शेवट होताना व्यवस्था कोठे गेली?

याच संदर्भात दोन बँकांची गोष्ट जोडीने वाचण्यासारखी आहे. १९४८च्या जानेवारीत सीमेपलीकडील शिबिरातून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली. १९०७च्या जूनमध्ये तिफ्लिसच्या चौकात बोल्शेविकांनी बँकेच्या गाड्यांवर बाँब टाकून मोठी रक्कम पळवली. त्यात कामो प्रत्यक्ष पुढे होता आणि सूत्रे स्टालिनकडे होती, असे आता इतिहासकार सामान्यतः मानतात. काही आठवड्यांपूर्वीच पक्षाच्या लंडन अधिवेशनाने अशा लुटींवर बंदी घातली होती. १९१८मध्ये मार्तोव्हने या प्रकरणाचा उल्लेख छापताच स्टालिनने त्याला कोर्टात खेचले. पुढे अधिकृत चरित्रांतून तिफ्लिस नाहीसे झाले. उमरीची गोष्ट मात्र मराठवाड्यात उजळ माथ्याने सांगितली जाते, आणि सांगणारा पैशाच्या हिशेबाचा उल्लेख केल्यावाचून सहसा थांबत नाही. ज्या चळवळीला हिशेब सांगावासा वाटतो आणि जिला लूट लपवावीशी वाटते, त्यांच्यात नैतिक अंतर आहे. म्हणूनच आमची तुलना म्हणजे समीकरण नव्हे. उलट ज्या परंपरेत उमरीचा हिशेब सांगण्याची रीत आहे, तिच्याकडून पुढच्या महिन्यांच्या हिशेबाचीही अपेक्षा करता येते.

४

आतापर्यंत साम्य-भेदाबद्दल बोललो; पण एका ठिकाणी हे दोन इतिहास खरोखरच एका खोलीत येऊन बसले. तेलंगणातील कम्युनिस्टांचे सशस्त्र बंड १९४६मध्ये सुरू झाले. निजाम शरण आल्यावर ते थांबले नाही. आता समोर भारतीय सैन्य होते. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता; म्हणजे राज्यांच्या आजच्या सीमारेषा त्या काळावर ओढून 'तो त्यांचा इतिहास, हा आपला' असे म्हणता येत नाही. १९५१च्या फेब्रुवारीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे चार पुढारी गुप्तपणे मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटले : अजय घोष, श्रीपाद अमृत डांगे, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या. चौघांचे आपापसांतही पटत नव्हते. पहिले दोघे बंडाविषयी साशंक, दुसरे दोघे बंडातूनच आलेले. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर या चर्चेची टिपणे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत स्टालिन चिनी मार्ग भारताला लागू नाही असे सांगतो. चिनी सैन्याला पाठीशी मित्रदेश होता, तुमच्या गनिमांना चारी बाजूंनी वेढले जाईल, हा त्याचा युक्तिवाद भूगोलाचा आहे. ऑक्टोबर १९५१मध्ये बंड मागे घेतले गेले. १९५२च्या हैदराबाद विधानसभेत बंडखोरांचा पक्ष लोकशाही आघाडीच्या नावाने प्रमुख विरोधी पक्ष झाला आणि विरोधी पक्षनेतेपदी व्ही. डी. देशपांडे हे मराठीभाषक कम्युनिस्ट बसले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातील शेवटांची संख्या मोजावी. स्टेट काँग्रेसच्या कथेचा शेवट १७ सप्टेंबर १९४८. कम्युनिस्टांच्या कथेचा शेवट ऑक्टोबर १९५१, आणि तोही क्रेमलिनमधील संभाषणातून आलेला. नायकाच्या हातून न घडलेला शेवट. जमिनीच्या कथेचा शेवट १९४९चे जागीर-निर्मूलन की १९५०चा कुळकायदा, की अजून कोणताच नाही? आपल्या पाठ्यपुस्तकांनी पहिला शेवट निवडला. तो निवडण्यात गैर काही नाही. तो निवडलेला आहे, हे विसरण्यात आहे.

५

रशियात कथानक मोडले ते दप्तरांमुळे. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी ख्रुश्चॉव्हने विसाव्या अधिवेशनात बंद दाराआड स्टालिनकाळावर भाषण केले. जगभर त्याची भाषांतरे झाली. सोव्हिएत संघात ते अधिकृतपणे छापले गेले १९८९मध्ये. त्याच वर्षी हिटलरशी केलेल्या १९३९च्या करारातील गुप्त कलमे मान्य झाली, पुढच्या वर्षी कातिनच्या हत्याकांडाची जबाबदारी. १९३७–३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, हा आकडा सोव्हिएत यंत्रणेच्याच कागदांतून निघाला. १९९१च्या डिसेंबरात राज्य विसर्जित झाले. दप्तरे उघडणे आणि राज्य कोसळणे यांत सरळ कार्यकारणभाव लावणे भाबडेपणाचे ठरेल. अर्थव्यवस्था, प्रजासत्ताकांतील राष्ट्रवाद आणि अफगाणिस्तानचे युद्ध ही कारणे होतीच. पण ज्या राज्याचे समर्थन एका कथानकावर उभे होते, त्याला त्या कथानकाची फाबुला बाहेर येणे झेपले नाही, इतके म्हणता येते.

आपले दप्तर कोणते? पोलीस कारवाईनंतर नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या सद्भावना मंडळाने १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद राज्याचा दौरा करून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी आणि नंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्याचा अंदाज आहे. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावे अहवालात येतात. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात, तर लातूर उस्मानाबादेत होते. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२मध्ये. म्हणजे या नियतकालिकाचे कितीतरी वाचक ज्या भूमीवर राहतात तिचा जवळजवळ सर्व भाग या चार नावांत येतो. आकड्यांविषयी मतभेद आहेत आणि ते असणारच, कारण मोजणी कोणी केली नाही. सरकारने हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. त्यातील उतारे आधी काही ग्रंथांतून आणि पूर्ण संहिता २०१३च्या सुमारास अभ्यासकांच्या हाती सहजपणे येऊ लागली.

या अहवालातील एक निरीक्षण वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. बंधुभाव कोठे टिकला याचा शोध घेताना मंडळाला एकाच व्यवसायातील माणसे एकमेकांना धरून राहिल्याचे दिसले. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. वर्गबंधुत्वाच्या मार्क्सवादी कथेला यापरते उदाहरण कोणते हवे होते? तरीही आमच्या वाचनात हे विणकर ना पुरोगामी कादंबरीत आले, ना पोवाड्यात. राष्ट्रवादी कथानकात त्यांना जागा नव्हती, कारण तेथे १७ सप्टेंबरनंतर काही घडत नाही. साम्यवादी कथानकात नव्हती, कारण तेथे शत्रू जमीनदार होता आणि या दंगलीत शत्रूची व्याख्या बदलली होती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. असे लिहिल्याने संग्रामाचे तेज कमी करू पाहणाऱ्यांच्या हाती कोलीत दिले जात नाही काय? रशियाने याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. समाजवादी कथानक मोडताच तेथे त्याचे उलटे कथानक तयारच होते : सत्पुरुष झार, सैतानी बोल्शेविक. १९९८मध्ये निकोलसच्या अस्थी सेंट पीटर्सबर्गला समारंभपूर्वक पुरल्या गेल्या, २००० साली रशियन चर्चने त्याला संतपद दिले. हैदराबादविषयीही निजामाच्या तहजीबीचे हळवे चित्र रंगवणारे लेखन आढळते; त्यात वेठबिगार नसते. व्लादिमिर प्रॉपने १९२८मध्ये दाखवून दिले की लोककथेत पात्रे बदलतात, कार्ये तीच राहतात. नायकाला खलनायक केले आणि खलनायकाला संत, तरी कार्यांची साखळी अबाधित राहते. दप्तर वाचायचे ते साखळी उलटी फिरवण्यासाठी नव्हे. आणि दप्तरे बंद ठेवण्याने काय साधते हेही रशियातच दिसते : सोव्हिएत दडपशाहीच्या नोंदी जमवणाऱ्या 'मेमोरियल' या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये दिला, आणि दोन महिन्यांनी युक्रेनवर आक्रमण झाले.

६

अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण मराठवाड्यातील दलित आणि कष्टकरी वाचकाला रशिया पोचला तो पेंडशांच्या ग्रंथातून नव्हे, अण्णाभाऊंच्या शब्दांतून. 'स्टालिनग्राडचा पोवाडा' १९४३चा, प्रवास १९६१चा, त्यावर 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक. नेमक्या १९६१च्या ऑक्टोबरअखेर स्टालिनचे शव लेनिनच्या समाधिगृहातून हलवण्यात आले आणि नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राद झाले. पुढच्याच वर्षी सोल्झेनित्सिनची श्रमछावणीवरील पहिली कादंबरिका 'नोव्ही मीर'मध्ये छापली गेली. या तारखा शेजारी ठेवून अण्णाभाऊंना 'त्यांना छावण्या दिसल्या नाहीत' असा दोष देणारे समीक्षक आहेत. हा आक्षेप आम्हांला अन्यायाचा वाटतो. चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या मांग जातीच्या लेखकाला परक्या देशात लेखक म्हणून सन्मान मिळतो, तेव्हा त्याने पाहिलेले खोटे नसते. ते त्याच्या देशावरचे भाष्य असते. त्या पुस्तकाचा विषय रशिया जितका आहे तितकाच, रशियात नसलेली अस्पृश्यता हा आहे. सोव्हिएत राज्यव्यवस्थेचा पुरावा म्हणून ते वाचणे ही वाचकाची चूक. दुसरी चूक पोवाड्याच्या बाबतीत होते : पोवाडा लढणाऱ्यांचा आहे, ज्याच्या नावाचे शहर होते त्याचा नव्हे. रशियातच या नावाचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये व्होल्गोग्रादच्या विमानतळाला पुन्हा 'स्टालिनग्राड' हे नाव देण्यात आले. २०२२मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला तोही युक्रेनयुद्धाच्या सातव्या महिन्यात. पुतळा बसवणाऱ्या दोन्ही सरकारांचा अण्णाभाऊंच्या पक्षाशी काही संबंध नव्हता.

७

नरहर कुरुंदकरांच्या हैदराबादवरील लेखनाचे शीर्षक 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' असे आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात आयुष्य घालवलेल्या या समीक्षकाने 'मुक्ती' हा एकच शब्द पुरेसा मानला नाही. विमोचन १९४८चे, विसर्जन १९५६चे : राजा गेल्यावर आठ वर्षांनी राज्यही भाषांत वाटून गेले. एका घटनेचे दोन शेवट शीर्षकातच मांडणे हा इतिहासकाराचा काटेकोरपणा आहे तसाच तो कथनमीमांसेचाही आहे. कुरुंदकरांची सर्वच मते आज मान्य होतील असे नाही. पण शेवट कोठे करायचा हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, याची जाण त्या दोन शब्दांत आहे.

मिखाईल बाख्तीनला १९२९मध्ये शिक्षा झाली आणि तो कझाकस्तानातील कुस्तानाय येथे हद्दपार झाला. तेथे तो सहकारी संस्थेत हिशेबनीस होता. १९३४मध्ये सामूहिक शेतीवरील शेतकऱ्यांच्या मागणीविषयी त्याचा लेख व्यापारविषयक नियतकालिकात छापून आला. भोवती दुष्काळात माणसे मेली होती आणि हा माणूस आकडे लिहीत होता. कादंबरीतील माणूस कधीच पूर्ण होत नाही, त्याच्याविषयी अखेरचा शब्द कोणालाच उच्चारता येत नाही, हा त्याचा सिद्धान्त वर्गात 'असमाप्यता' या जड प्रतिशब्दाने शिकवला जातो. कुस्तानायचे नाव घेतले तर तो प्रतिशब्द इतका जड वाटणार नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मुक्तिसंग्राम' हा शब्द क्वचितच येतो. 'रझाकारीत' किंवा 'पोलीस अॅक्शनच्या साली' असे ते म्हणतात, आणि त्या सालाशी लग्ने, जन्म, विहिरी, गाव सोडणे, परत येणे बांधलेले असते. हे कथन पहाटेपाशी थांबत नाही. एकच बाई रझाकारांच्या भयाने शेतात लपल्याचे आणि महिन्याभराने शेजारच्या मुसलमान घराला लागलेल्या आगीचे एकाच दमात सांगते. मध्ये 'पण' घालत नाही. रूपवाद्यांच्या भाषेत, तेथे फाबुला अजून स्युझेट झालेली नसते.

१९४८मध्ये पंधरा वर्षांचे असलेले माणूस आज नव्वदीच्या पलीकडे आहे. मौखिक कथनांवर आपल्या विद्यापीठांत प्रबंध होतात ते बहुधा ओव्या आणि लोककथांवर. या सालाच्या कथनांवर फारच थोडे. जे ध्वनिमुद्रित झाले तेही बहुतेक मराठी आहे. त्याच गावांतली दखनी कथने मराठी विभागाच्या कक्षेबाहेरची मानली जातात आणि उर्दू विभागाला ती पुरेशी उर्दू वाटत नाहीत. दखनी घरी बोलणारे विद्यार्थी मात्र आमच्याच वर्गात बसलेले असतात, आणि फाबुला-स्युझेटची व्याख्या वहीत उतरवून घेत असतात.